आवाज कुणाचा, परिणाम कुणावर?

गेल्या हिवाळ्यात भाचीचा कबड्डीचा सामना बघायला कर्वे रस्त्याजवळच्या एका कॉलेजच्या मैदानावर गेलो होतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली उपांत्य लढत. प्रेक्षक म्हणजे लेक्चर बुडवून आलेली दीडएकशे पोरं-पोरी आणि माझ्यासारखे चार-दोन नातेवाईक. मैदानावर अजून फक्की मारणं चाललं होतं, तेवढ्यात पायऱ्यांवरून एकानं बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "अरे, आव्वाज कुणाचा?" आणि दीडशे गळ्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं.

पुण्यात शिकलेल्या माणसाला ही आरोळी समजावून सांगायला नको. १९६३ साली सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिर याच आरोळीनं दणाणतं. नाटकाची असो की मैदानाची, आरोळी तीच. फक्त मैदानावर डोक्यावर छप्पर नसतं. सामना संपल्यावर भाचीला विचारलं, एवढा गलका ऐकून अंगात बळ येत असेल ना? ती म्हणाली, "मामा, चढाईला गेल्यावर मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही." मग ही पोरं घसा फोडतात ती नेमकी कुणासाठी?

आधी आवाजाचा हिशेब. ओरडणारे दुप्पट झाले तर आवाजाची पातळी जेमतेम ३ डेसिबलनं वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची भर लागते, म्हणजे दसपट माणसं. तीस जणांच्या टोळक्याच्या दुप्पट दणका हवा असेल तर तीनशे जण गोळा करा. छोट्या कॉलेजची मूठभर पोरं मोठ्या कॉलेजच्या गर्दीला आवाजात इतकी जड जातात, त्यामागे हे गणित आहे.

त्यात गर्दीत माणूस अंग चोरतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली विद्यार्थ्यांना चक्क टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून मोजमाप केलं. सहा जण एकत्र ओरडले तेव्हा मिळालेला आवाज त्यांच्या एकेकट्याच्या ताकदीच्या बेरजेच्या ४० टक्केच भरला. थोडी घट एकमेकांचा मेळ न बसल्यामुळे असणार, म्हणून पुढच्या प्रयोगात डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन चढवून प्रत्येकाला 'तुझ्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत' असं खोटंच सांगितलं. मेळ बसण्या-न बसण्याचा प्रश्नच उरला नाही. तरी प्रत्येकाचा आवाज एकट्यानं ओरडतानाच्या ७४ टक्क्यांवर आला. बाकीचे आहेतच की, मी कशाला घसा ताणू?

आता 'आवाज कुणाचा'ची रचना बघा. एक जण विचारतो, क्षणभर शांतता, मग सगळ्यांचं उत्तर एका ठोक्यावर. त्या शांततेत सगळे श्वास भरून घेतात, मेळ आपोआप बसतो, आणि शेजारचा गप्प राहिला तर लगेच उघडा पडतो. ही युक्ती कुणी बसून शोधली नसेल, पण अंगचोरीवर इतका स्वस्त उतारा मला तरी माहीत नाही.

एका ठोक्यावर येण्याची किंमतही असते. युरोपातल्या नाट्यगृहांमध्ये आणि मैफलींमध्ये टाळ्यांचं ध्वनिमुद्रण करून २००० साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की लोक एका लयीत टाळ्या वाजवू लागले की प्रत्येकाचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. धीम्या लयीत एकमेकांना धरून राहणं सोपं. पण टाळ्याच कमी पडल्यामुळे एकूण आवाज सरासरीनं घटतो. मग उत्साहाच्या भरात लोक वेग वाढवतात, लय मोडते, पुन्हा कडकडाट. मोठा आवाज हवा की एक आवाज हवा, दोन्ही एकदम मिळत नाहीत. ढोलपथकात वाजवलेल्यांना हे प्रयोगाशिवायही माहीत असतं.

आणि तरीही माणसं लयीकडेच ओढली जातात, कारण लय वाजवणाऱ्यालाच काहीतरी देते. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ संघातल्या वल्हवणाऱ्या बारा मुलांवरचा एक छोटा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. यंत्रावर ४५ मिनिटं सराव, कधी एकट्यानं, कधी सगळ्यांनी एका तालात. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून कळ कितपत सोसते ते बघितलं. श्रम तेवढेच, पण एका तालात वल्हवल्यावर सहनशक्ती जास्त वाढलेली दिसली. मेंदूत तयार होणारी, कळ कमी करणारी एंडॉर्फिन्स ही रसायनं हे त्याचं कारण असावं असा संशोधकांचा अंदाज. बाराच जणांचा प्रयोग आहे, त्यामुळे तो जपूनच वापरायला हवा. पण पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या बोट क्लबवर, मुळा नदीच्या पाण्यात पहाटे रेगाटाची, म्हणजे नौकांच्या कार्यक्रमाची, तालीम करून हातांना घट्टे पडलेल्या कुठल्याही मुलाला हा निष्कर्ष सांगा, तो मान डोलावेल.

म्हणजे पायऱ्यांवरच्यांना मिळायचं ते मिळतं. मैदानावरच्यांचं काय? रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली मांडलं, की कुणी बघत असलं की अंगवळणी पडलेलं काम आणखी चांगलं होतं आणि कच्चं काम आणखी बिघडतं. पुढे त्यानं हे झुरळांवरही तपासलं: प्रेक्षकही झुरळंच! उजेडापासून पळणारी झुरळं सरळ वाटेवर प्रेक्षकांसमोर जास्त वेगानं धावली, पण वळणाची वाट आली तिथे रेंगाळली. माणसांचा पुरावा त्याहून गमतीचा. एका अमेरिकी विद्यापीठाच्या विद्यार्थी-भवनात पूल हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळणाऱ्यांजवळ चार जण नुसते येऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० वर गेले, कच्च्यांचे ३६ वरून २५ वर घसरले. तेव्हा नवख्या चढाईपटूच्या नावानं घोषणा देण्यापूर्वी दोन क्षण विचार केलेला बरा.

पण सगळ्यात मोठा परिणाम होतो तो शिट्टीवाल्यावर, असं माझं मत आहे. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ४० प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातल्या फुटबॉल सामन्यातल्या ४७ झटापटी पडद्यावर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना मुक्यानं. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाउल दिले. पुढे कोरोनाकाळात युरोपातले सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी जादा कार्डं कमी झाली. बोनस रेषेपलीकडे पाय पडला की नाही हे डोळ्याचं पातं लवण्याच्या आत ठरवणाऱ्या आपल्या पंचांचे कान काही वेगळ्या मातीचे नसणार.

भाचीचा संघ तीन गुणांनी जिंकला. गेटबाहेर पडताना मागून येणारी पोरं एकच वाक्य घोळवत होती: "आपण फायनलला!" ज्यांनी जन्मात चढाई केली नाही, तेही 'आपण'. रॉबर्ट चाल्डिनीनं १९७६ साली नेमकं हेच पकडलं. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत, शनिवारी फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव मिरवणारे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. सामन्याबद्दल बोलताना जिंकल्यावर 'आम्ही', हरल्यावर 'ते'. इंग्रजीकडे 'वी' हा एकच शब्द; ऐकणाऱ्याला त्यात घेतलंय की वगळलंय ते कळायला मार्ग नाही. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. हा प्रयोग कुणीतरी पुण्यात करायला हवा. हरल्यावर काय म्हणतात ते मला त्याच मैदानावर ऐकू आलं. दुसऱ्या कॉलेजची पोरं बाइकला किक मारत म्हणत होती, "हरले लेकाचे."

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. संघातल्या मुलींचे आवाज ठणठणीत होते, बसले होते ते पायऱ्यांवरच्यांचे. बोलताना बाईच्या स्वरतंतूंच्या पट्ट्या सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकींवर आपटतात; ओरडताना त्याहून जास्त वेळा आणि जास्त जोरानं. त्यांना सूज आली की त्या जड होतात, नीट मिटत नाहीत, हवा निसटते आणि आवाज फाटतो. इलाज एकच: पाणी आणि गप्प बसणं. यातलं दुसरं जमणारं नव्हतं. सकाळच्या हजेरीला मागच्या बाकावरून कुणीतरी बेडकासारखं "येस सर" केलं. सरांनी मान वर न करता विचारलं, "आवाज कुणाचा?"

भाची म्हणाली, "मामा, मग काय, अख्ख्या वर्गानं सांगितलं."