मेश वायफाय (घरगुती)

मेश वायफाय : एकाच नावाचे व एकाच पासवर्डचे वायफाय घरभर पोचवण्यासाठी एकमेकांशी जोडलेल्या दोन किंवा अधिक उपकरणांचा संच. यातील प्रत्येक उपकरणास नोड म्हणतात. फायबरच्या मोडेमला केबलने जोडलेला तो मुख्य नोड. उपनोड त्याच्याकडून बिनतारी किंवा केबलने इंटरनेट घेऊन पुढे देतात. तांत्रिक मानके ठरवणाऱ्या ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संघटनेने मेशसाठी ८०२.११एस हे मानक २०११ मध्ये आणले आणि वायफाय कंपन्यांच्या ‘वायफाय अलायन्स’ या संघटनेने २०१८ मध्ये ‘ईझीमेश’ प्रमाणपत्र सुरू केले. तरीही एका कंपनीचा नोड दुसरीच्या संचात चालेल याची खात्री नसते. म्हणून पुढे सुटा नोड मिळेल असाच संच निवडावा.

दोन खोल्यांच्या किंवा साधारण ७०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये मेशची गरज सहसा नसते. फायबर जोडायला आलेला माणूस, केबल जिथून आत येते तिथेच, म्हणजे दाराशी किंवा टीव्हीमागे, मोडेम बसवून जातो आणि शेवटच्या खोलीत रेंज मिळत नाही. आधी मोडेम घराच्या मध्यावर आणून पाहावा. मेश खरा उपयोगी पडतो तो मध्ये स्लॅब असलेल्या रो-हाउसमध्ये, जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत आणि कोकणातल्या लांबलचक चिरेबंदी घरांत. ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल वेगवान असला तरी सळयांचा स्लॅब आणि जाड भिंती त्याला लवकर अडवतात, २.४ गिगाहर्ट्‌झचा दूर पोचतो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीत मंदावतो.

संचाची कुवत ठरते ती दोन नोडांमधल्या दुव्यावर, म्हणजे बॅकहॉलवर. ड्युअल-बँड (२.४ व ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन रेडिओ असलेल्या) संचात उपनोड बहुधा ज्या रेडिओवर घेतो त्यावरच पुढे देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. साखळीत आणखी एक नोड लावला तर पावावर. ट्राय-बँड संचात या दुव्यासाठी तिसरा रेडिओ वापरता येतो. सर्वांत भरवशाचा दुवा मात्र केबलचाच, आणि ती ओढता येत असेल तर साधा ड्युअल-बँड संचही महागड्या बिनतारी संचाला मागे टाकतो. कॅट ५ई किंवा कॅट ६, शुद्ध तांब्याची केबल घ्यावी; तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल टाळावी. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग मिळतो. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाला प्लग बसवताना, एक तार सैल राहिली तर दुवा गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरतो. केबल विजेच्या वायरिंगच्या पाइपातून नेऊ नये.

खोक्यावरचा आकडा फसवा असतो. ‘एसी १२००’ म्हणजे दोन बँडांच्या कागदोपत्री कमाल वेगांची, ३०० अधिक ८६७ एमबीपीएसची, ढोबळ बेरीज. फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो आणि जवळ बसूनही प्रत्यक्षात साधारण ५०० ते ६०० एमबीपीएस मिळतात. त्यापेक्षा केबलचे पोर्ट तपासावेत. स्वस्त संचांत ते बरेचदा १०० एमबीपीएसचेच असतात. मग ३०० चा प्लॅन घेऊनही ९४-९५ च्या पुढे वेग जात नाही.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे जिथे रेंज नाही तिथेच उपनोड ठेवणे. मुळात सिग्नलच नसेल तर तो पुढे काय देणार? फोनमधल्या वायफाय ॲनालायझर ॲपने मुख्य नोडचा ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल मोजावा आणि तो उणे ६० ते ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप; शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल जोरकस) असेल तिथे उपनोड ठेवावा. उणे ७० च्या खाली दुवा डळमळतो. दुमजली घरात जिन्याच्या तोंडाची जागा बहुधा जमते. लोखंडी कपाट, मोठा आरसा व मायक्रोवेव्ह यांचा शेजार टाळावा. गरजेपेक्षा जास्त नोडही नकोत : ते एकाच चॅनेलवर एकमेकांची वाट अडवतात आणि फोन दूरच्या नोडला चिकटून राहतो. ८०२.११के, व्ही व आर ही मानके नोड बदलायला मदत करतात, पण निर्णय शेवटी फोनचाच असतो.

मोडेम स्वतःही राउटर असल्याने मागे मेशचा राउटर लावला की दुहेरी नॅट होते, म्हणजे एकात एक अशी दोन वेगळी नेटवर्के तयार होतात. मोडेमच्या वायफायवरचा प्रिंटर मेशवरच्या लॅपटॉपला दिसत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत पोचण्याची वाट) अडते. मोडेम ब्रिज मोडवर टाकावा, म्हणजे राउटरचे काम फक्त मेश करील. ते सेवा कंपनीच्या हाती असेल, तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर (राउटरचे काम न करता फक्त वायफाय देण्यापुरता) ठेवून मोडेमचे वायफाय बंद करावे. यात पालक-नियंत्रणासारख्या काही सोयी जातात. मेश राउटर मोडवर असताना उपनोडची केबल मुख्य नोडच्या लॅन पोर्टमधूनच न्यावी, थेट मोडेममधून नव्हे.

स्मार्ट बल्ब व जुने प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच ओळखतात आणि डब्ल्यूपीए३ या नव्या वायफाय सुरक्षा-पद्धतीवर अडतात. त्यांच्यासाठी जुन्या डब्ल्यूपीए२ चे वेगळे २.४ चे नेटवर्क काढावे. वीज गेल्यावर वायफाय हवे असेल तर मोडेमबरोबर प्रत्येक नोड व (असल्यास) केबली जोडणारा नेटवर्क स्विचही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर हवा. त्याऐवजी छोटा डीसी यूपीएस घेताना ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज वाचून घ्यावा : ९ व्होल्टच्या उपकरणाला १२ व्होल्ट दिले तर ते जळू शकते.