पुणे : लोकसंख्यावाढ आणि पर्यावरण

मुळा-मुठेच्या काठच्या पुणे शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख होती. २०११ मध्ये ती ३१ लाखांवर गेली. शेजारचे पिंपरी-चिंचवड त्याच दशकात १० लाखांवरून १७ लाखांवर पोचले. कारखाने, शिक्षण आणि पुढे आयटी कंपन्या ही त्यामागची कारणे. वाढीचा मोठा वाटा कडेच्या गावांनी घेतला. तिथला क्रम ठरलेला : आधी गुंठेवारी (शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट) आणि सोसायट्या, मग महापालिकेची हद्द, सर्वांत शेवटी ड्रेनेज. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली आणि क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकले. यांतल्या अनेक सोसायट्या मात्र टँकरवर जगतात.

या वाढीची झळ शहराबाहेर जास्त बसली. शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला धरण प्रकल्पावर दौंड-इंदापूरची शेतीही अवलंबून आहे. शहर मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलते, हा जलसंपदा खात्याचा जुना आक्षेप. वापरलेल्या पाण्यापैकी बरेचसे शुद्धीकरणाविनाच नदीत जाते आणि भीमेतून उजनी धरणात पोचते. नदीवर जलपर्णी माजते, ती काढण्याची निविदा निघते, पुढल्या वर्षी पुन्हा तेच.

कचऱ्याची गोष्ट याहून कडू आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत टाकला गेला. त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्या, आणि बागायती गावांना पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. २०१७ मध्ये डेपो पेटल्यावर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या, तेव्हा शहरातले कचऱ्याचे ढीग पेठांपर्यंत दिसू लागले. ओला-सुका वर्गीकरणाचे महत्त्व अशा वेळीच पटते.

ओढ्यांचे काय झाले, हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कळले. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वरमार्गे मुठेला मिळतो. त्याचे पात्र भराव, भिंती आणि बांधकामांनी आवळले गेले होते, वरच्या डोंगरउतारांवरही काँक्रीट चढले होते. काही तासांच्या पावसात पाणी घरांत शिरले, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि अनेकांचा जीव गेला. पावसाला दोष देऊन ही घटना मिटवता येत नाही. पाण्याची वाट अरुंद झाली होती.