बेगमी, साठा आणि शिळे पाणी : वडोदऱ्याच्या घरांतील तरतुदीची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वरची पातळी गाठली, आणि घरात किती दिवसांचे अन्नपाणी असावे हा प्रश्न वडोदऱ्यात पुन्हा चर्चेला आला. पूर्वीची माणसे वर्षाची तरतूद करीत आणि आताची पिढी दहा मिनिटांत दारात येणाऱ्या किराण्यावर विसंबते, असा त्या चर्चेचा सर्वसाधारण सूर असतो. तो अर्धाच खरा आहे; कारण जुनी तरतूद ज्या संकटासाठी होती ते संकट महागाईचे आणि अवर्षणाचे होते, पुराचे नव्हते.

या तरतुदीचे मूळ शोधताना लोक साधारणतः विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या छप्पनिया दुष्काळापर्यंत जातात. त्या दुष्काळाने गुजरात होरपळला, त्यात बडोदे संस्थानही होते, आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या बोलण्यात तो राहिला. मात्र आजच्या पन्नाशीतल्या वाचकाने आपल्या आजीच्या घरी जी कोठी पाहिली, ती छप्पनियापेक्षा विसाव्या शतकाच्या मध्यातील टंचाईची अधिक आहे. दुसऱ्या महायुद्धातील नियंत्रणे, १९४९ मधील संस्थानाचे विलीनीकरण, साठच्या दशकातील रेशनचा परदेशी गहू आणि लाल मिलो (परदेशी ज्वारी) यांतून जे घर गेले, त्याने चैत्र-वैशाखात गहू भरून टाकणे हा आपला विमा मानला.

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील मराठी घरांनी ही रीत गुजराती शेजाऱ्यांकडून जशीच्या तशी उचलली. गहू निवडून चादरीवर उन्हात तापवायचा, पूर्ण निवू द्यायचा, मग तळहाताला दिवेल (एरंडेल हा शब्द येथे फक्त औषधाच्या बाटलीपुरता उरला आहे) घेऊन मूठमूठ दाणा चोळायचा, की त्यावर किडीला न रुचणारा पातळ थर बसतो. तांदळाला मात्र घाटावरून आलेल्या सासवा बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या वापरीत. चौघा-पाच जणांच्या घराला पंधरा-वीस मण गहू लागे. हा मण वीस किलोचा; महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला तो चाळीस किलोचा वाटतो आणि एवढा गहू ही माणसे खातात तरी कधी, असा प्रश्न त्याला पडतो. पत्र्याच्या कोठीला तळाशी सरकती झडप असे, म्हणजे वरून नवे भरले तरी खालचे जुने आधी संपे. ही झडप पुढे पुरात घराचा घात करणार होती.

या साऱ्या व्यवहाराला नाव काय द्यायचे, हा दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न आहे. मराठीत 'बेगमी' हा फारसीतून आलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ चिंता नसणे असा. त्यातून तो तरतुदीसाठी रूढ झाला. 'साठेबाजी' हा त्याच्या अगदी उलट, गुन्ह्याचा वास असलेला शब्द. गुजरातीत मात्र 'संघरवुं' या एकाच धातूतून दोन्ही निघतात. 'संघरेलो साप पण कामनो' ही म्हण जपून ठेवण्याचे कौतुक करते, तर 'संघराखोरी' हा शब्द जपणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. वडोदऱ्यातील मराठी माणूस दोन्ही भाषांत जगत असल्याने त्याच्या मनात या अर्थांची सरमिसळ झाली, आणि कायद्याने ती वाढवली.

१९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ३ मध्ये दोन तरतुदी शेजारी शेजारी आहेत. एक, जी वस्तू सामान्यतः विक्रीसाठी ठेवली जाते ती विक्रीपासून रोखून धरण्यास मनाई करता येते. येथे रोख उघडच व्यापाऱ्यावर आहे. दुसरी, साठा बाळगणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस तो विकण्याचा आदेश देता येतो. येथे 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द इतके व्यापक आहेत की घरातली कोठी त्यांच्या कक्षेत येते की नाही, हे प्रत्येक वेळी निघणाऱ्या आदेशावर अवलंबून राहते. जून २०२३ मध्ये गव्हावर घातलेली साठामर्यादा घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेते, मोठ्या दुकानसाखळ्या आणि प्रक्रिया उद्योग यांच्यापुरती होती. किरकोळ दुकानासाठी ती १० टन होती. ३०० किलो गहू भरणाऱ्या घराचा तिच्याशी दूरान्वयानेही संबंध नव्हता. तरीही 'साठा' हा शब्द बातमीत आला की घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज अजून खाली येतो, याचे कारण सत्तरच्या दशकात आहे.

१९७३ मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःच्या हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी तो निर्णय मागे घेतला. त्याच सुमारास, डिसेंबर १९७३ मध्ये, अहमदाबादच्या एका महाविद्यालयीन वसतिगृहातील खानावळीच्या वाढीव बिलावरून सुरू झालेले नवनिर्माण आंदोलन राज्यभर पसरले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. शेंगतेलाचे भाव वाढवणाऱ्या व्यापाऱ्यांना गुजरातेत 'तेलिया राजा' म्हणत, आणि तेलाचे दोन डबे एकदम उचलणारे साधे घरही तेव्हा शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येई. टंचाईचे दुखणे पुरवठ्यात होते. ठपका मात्र साठवण या कृतीवरच बसला, हे त्या काळाचे मोठे नुकसान म्हणावे लागेल. २०२० मध्ये साठामर्यादेचे नियम शिथिल करणारी दुरुस्ती आली आणि २०२१ मध्ये इतर कृषी कायद्यांबरोबर रद्दही झाली. घरगुती बेगमीची कायद्याने स्पष्ट व्याख्या तेव्हाही झाली नाही.

पाण्याची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण पाणी साठवण्याची सवय टंचाईने नव्हे, सुबत्तेने मोडली. वाड्यातला आड आणि पितळी पिंपे यांवर चालणारे शहर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याच्या तलावावर आले. पुढे मही नदीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींची (वाळूतून झिरपलेले पाणी गोळा करणाऱ्या विहिरींची) भर पडली. नळ रोज येऊ लागल्यावर सकाळी आदल्या दिवशीचे 'शिळे' पाणी झाडांना घालून भांडी नव्याने भरण्याचा नेम पक्का झाला. स्वच्छतेच्या दृष्टीने तो चांगलाच होता. पण त्यामुळे घरात एका दिवसापलीकडचे पिण्याचे पाणी कधी उरलेच नाही. माणशी चार लिटर धरले तरी चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागते, आणि स्वयंपाकघरातला माठ व फिल्टर मिळून त्याच्या निम्मेही भरत नाही. त्यात आजव्याचे ६२ दरवाजे हा पुराच्या दिवसांत शहराच्या काळजीचा विषय असतो, कारण शहराची तहान भागवणाऱ्या त्याच तलावातून सोडलेले पाणी विश्वामित्रीत येते.

२००५, २०१४, ३१ जुलै २०१९ (त्या दिवशी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला) आणि २०२४ या पुरांनी जुन्या तरतुदीतील उणिवा उघड केल्या. जुन्या गावठाणातून अकोटा, समा, कारेलीबाग या भागांत आलेल्या कुटुंबांनी कोठीही आणली आणि सोयीसाठी तळमजल्यावर ठेवली. पाणी तळाच्या झडपेतून आत शिरते, खालचा गहू फुगतो, झडप अडकते आणि वरचा कोरडा दाणाही काढता येत नाही. दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. जो गहू वाचतो तोही वीज गेल्यामुळे घरघंटीत दळता येत नाही. विजेअभावी पंप थांबतो, म्हणून गच्चीवरच्या टाकीत जे उरले असेल तेवढेच पाणी.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने उलट बाजू दाखवली. २५ मार्च हा तिचा पहिला दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. नवा गहू अजून घरात यायचा होता आणि कोठीत तळ दिसत होता. वीज मात्र चालू होती, त्यामुळे तळाचा गहू दळून पुरवता आला.

म्हणून अलीकडे तरतुदीचे स्वरूप बदलताना दिसते. थेपले, खाकरे, पोहे, कुरमुरे, मेतकूट आणि गूळ-तूप-कणकेची सुखडी असे न शिजवता खाता येणारे पदार्थ वेगळ्या डब्यात ठेवले जातात. (ही सुखडी आणि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वाटलेली कोरडी सुकडी यांत नामसाधर्म्य आहे, पदार्थ निराळे.) २०२४ नंतर काही घरांनी कोठी जिन्याच्या वरच्या टप्प्यावर हलवली आहे, जिथे ती जड म्हणून हलत नाही तिथे खाली चार विटांचा चौथरा केला आहे आणि झडपेच्या कडेने मेण भरले आहे. शेजारी झाकणाचे वीस लिटरचे दोन कॅन उभे असतात, त्यांवर भरल्याची तारीख लिहिलेली असते, आणि शिळ्या पाण्याचा नेम मोडू नये म्हणून दर शनिवारी ते झाडांना घालून पुन्हा भरले जातात.