नवीन सर्व्हो घेण्याआधी रॉड सोडवून बघा
रिमोट कारच्या स्टिअरिंगबद्दल, आमच्या नाशिकच्या ग्राहकांसाठी

काउंटरवर गाडी ठेवली की पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "सर्व्हो गेलाय, नवीन द्या." सर्व्हो म्हणजे पुढची चाकं वळवणारी मोटरची छोटी डबी. नवीन सर्व्हो आम्ही विकतोच, त्यामुळे काढून देणं सोपं आहे. पण मूळ दुखणं वेगळंच असेल, तर तोच नवा सर्व्हो आठ दिवसांत जळून परत येतो आणि काउंटरच्या दोन्ही बाजूंना तोंडं पडतात. म्हणून हा कागद. स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की आणि जमलं तर एक मल्टिमीटर, एवढं जवळ असलं की पुरे.

आधी गाडी एखाद्या डब्यावर अशी ठेवा की चारही चाकं अधांतरी राहतील. ब्रशलेस मोटर असेल तर तिच्या तिन्ही वायरी ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) काढून ठेवा. स्टिअरिंग तपासताना चुकून ट्रिगर दाबला गेला आणि गाडी टेबलावरून थेट फरशीवर गेली, हे आमच्याकडेही झालंय. रिमोट आधी चालू करायचा, गाडी नंतर. बंद करताना उलट.

आता सर्व्होच्या हॉर्नला, म्हणजे त्याच्या शाफ्टवरच्या छोट्या दांडीला, जोडलेला चाकांकडे जाणारा रॉड सोडवा आणि स्टिअरिंग मारून बघा. हॉर्न दोन्ही बाजूंना झटकन जाऊन बरोबर मध्यावर परत येत असेल, तर सर्व्हो बहुधा ठणठणीत आहे. दोष पुढच्या चाकांकडे शोधायचा.

चाकांकडचा दोष

रॉड सुटलेला असतानाच चाकं बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही अडता कामा नयेत. आपल्याकडे यातला मोठा गुन्हेगार म्हणजे काळी माती. पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा द्राक्षबागेच्या बांधावर गाडी पळवली की चिखल नकलच्या (चाक धरून वळणाऱ्या तुकड्याच्या) सांध्यात जाऊन बसतो. ओला असेपर्यंत काही जाणवत नाही. दोन दिवसांनी वाळला की विटेसारखा होतो आणि सर्व्हो बिचारा त्या विटेशी झगडत राहतो. गेल्या पावसाळ्यात एक क्रॉलर (खडकांवर चढणारी गाडी) आला होता, त्याचं उजवं चाक दोन्ही हातांनीसुद्धा वळेना. जुना टूथब्रश आणि दाभण घेऊन सांधा कोरला, तेव्हा चिमूटभर मातीच्या खपल्या निघाल्या. सर्व्होला हातही लावावा लागला नाही.

चिखल नसेल तर वाकलेला टाय रॉड, गंजून बसलेलं बेअरिंग किंवा नकल ज्यावर फिरतो त्या किंगपिनचा गरजेपेक्षा जास्त आवळलेला स्क्रू बघा. तो स्क्रू पाव वळसा सैल केल्यावर गाडी सुधारली, असं कितीदा तरी झालंय.

उलटी तक्रारही येते : हॉर्न नीट फिरतो, पण चाकं आळशासारखी उशिरा वळतात, जमिनीवर तर वळतच नाहीत. रॉड परत जोडा, चाकं हाताने घट्ट धरा आणि स्टिअरिंग मारा. हॉर्न फिरला पण सर्व्हो सेव्हरची स्प्रिंगच दबत राहिली, तर तो सेव्हर ढिला झालाय. त्याचं नट थोडं आवळायचं. पण पार गच्च करू नका. चाक दगडावर आपटल्यावर तो धक्का गिअरपर्यंत जाऊ नये, यासाठीच तर तो बसवलेला असतो.

रॉड सोडवूनही सर्व्हो बरोबर चालत नसेल तर

आता कान द्या. सर्व्होच्या डबीत चार गोष्टी असतात : छोटी मोटर, गिअरची साखळी, आऊटपुट शाफ्टला जोडलेला पॉट (पोटेन्शिओमीटर) आणि एक सर्किट. शाफ्ट आत्ता कुठे आहे हे पॉट सर्किटला सांगतो. रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारी गाडीतली डबी, सेकंदाला साधारण ५० वेळा एक ठोका पाठवतो : १.५ मिलिसेकंदाचा असेल तर चाकं मध्यावर, १ च्या जवळ गेला की एक टोक, २ च्या जवळ दुसरं. सर्किट दोन्हींचा मेळ बसेपर्यंत मोटर फिरवत राहतं.

मोटरचा घर्रर्र आवाज येतोय पण हॉर्न जागचा हलत नाही : गिअरचे दाते गेले. आधी हॉर्नचा स्क्रू सैल होऊन हॉर्न नुसता घसरत नाही ना, ते बघा. एकाच ठिकाणी आला की हॉर्न थरथरतो, पुढे गेला की शांत होतो : पॉट त्या जागी झिजलाय किंवा मळलाय. काहीच आवाज नाही, डबी गरम आणि जळका वास : मोटर किंवा सर्किट गेलं, तिथे आमचाही इलाज चालत नाही. नुसते दाते गेले असतील तर बऱ्याच मॉडेलना गिअर सेट वेगळा मिळतो, पूर्ण सर्व्होचा खर्च करू नका. डबी उघडलीच तर गिअर काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या.

आणि कृपा करून सर्व्होत खोबरेल तेल घालू नका. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत बाटलीतलं तेल गोठतं, तसंच ते गिअरमध्येही गोठतं. थोडं पांढरं ग्रीस पुरतं.

करंटचा घोळ

सर्व्हो मध्येच मरतो, परत जिवंत होतो, जोरात वळवताना सगळी गाडीच क्षणभर झोपते, अशी लक्षणं असतील तर सर्व्होला शिव्या देण्याआधी करंट तपासा. सर्व्हो आणि रिसीव्हर दोघांनाही ईएससीमधल्या बीईसीकडून (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा भाग) व्होल्टेज मिळतं, साधारण ५ किंवा ६ व्होल्ट. मल्टिमीटर डीसीवर ठेवून रिसीव्हरच्या रिकाम्या जागेतल्या प्लस आणि मायनस पिनांवर मोजा. प्लगमध्ये लाल वायर मधली म्हणजे प्लस, काळी किंवा तपकिरी मायनस आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी सिग्नलची. मोजताना पिना एकमेकींना टेकू देऊ नका. रॉड जोडून चाकं हाताने अडवा, स्टिअरिंग क्षणभर मारा आणि आकडा बघा. तो एकदम खाली कोसळत असेल, तर बीईसीला तो सर्व्हो झेपत नाहीये. मूळच्या गाडीत २० किलो ताकदीचा दणकट सर्व्हो टाकला की हे हमखास होतं. वेगळा बीईसी लावला की प्रश्न मिटतो. उलट चूकही करू नका : ६ व्होल्टच्या सर्व्होला ७.४ व्होल्टचं सेटिंग देऊन त्याचा धूर काढलेले ग्राहकही आम्ही पाहिलेत.

व्होल्टेज ठीक निघालं तर रिसीव्हरवर सर्व्हो आणि ईएससीच्या प्लगांची अदलाबदल करा. मोटरच्या वायरी सुटलेल्याच असू द्या. आता ट्रिगर दाबल्यावर सर्व्हो नीट चालला, तर तो निर्दोष. दोष रिसीव्हरच्या पहिल्या, म्हणजे स्टिअरिंगच्या, चॅनलमध्ये किंवा रिमोटच्या चाकाखालच्या पॉटमध्ये आहे.

पाच वायरींचा सर्व्हो

तयार मिळणाऱ्या स्वस्त गाड्यांत बऱ्याचदा पाच वायरींचा सर्व्हो असतो : दोन मोटरच्या, तीन पॉटच्या. त्याच्या डबीत सर्किट नसतं, ते रिसीव्हरच्या बोर्डावर असतं. म्हणून वरची अदलाबदल तिथे चालत नाही आणि तीन वायरींचा सर्व्होही थेट बसत नाही. त्याच मॉडेलचा पाच वायरींचा घ्यावा लागतो, नाहीतर रिसीव्हर, ईएससी आणि सोबत जुळणारा रिमोट असं सगळंच बदलावं लागतं. मुलाच्या वाढदिवसाची हजार-दीड हजाराची गाडी असेल, तर या खर्चाला आम्ही सरळ नाही म्हणतो.

नवा बसवताना

शाफ्टचे दाते मोजून घ्या. २३, २४ आणि २५ दात्यांचे शाफ्ट मिळतात. २५ चा हॉर्न २४ वर हातोडीने बसवू नका. रॉड न जोडता सर्व्होला करंट द्या, रिमोटवरचा ट्रिम (मध्य इकडेतिकडे सरकवणारं बटण) शून्यावर आणा, सर्व्हो मध्यावर थांबला की मगच हॉर्न लावा. मेटल गिअर असेल तर हॉर्नच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब द्या. प्लास्टिकला मात्र तो लावू नका, प्लास्टिक तडकतं.

शेवटी रॉड जोडून स्टिअरिंग पूर्ण मारा. चाकं टोकाला टेकूनही सर्व्हो गुंगुं करत असेल, तर रिमोटवरचा एंड पॉइंट (वळण्याची शेवटची मर्यादा) आवाज थांबेपर्यंत कमी करा. हे एक मिनिटाचं काम बहुतेक जण सोडून देतात आणि आमच्याकडे जळून येणाऱ्या सर्व्होंपैकी बरेचसे त्यामुळेच आलेले असतात.

रंगपंचमीच्या पाण्यात किंवा नदीत गाडी भिजली, तर आधी बॅटरी काढा, मग पुसा. डबीवर वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, झाकणाचं रबर जुनं झालं की पाणी आत शिरतंच. पंख्याखाली दिवसभर वाळवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, भुसा गिअरमध्ये जातो.

एवढं करूनही उलगडलं नाही तर गाडी घेऊन या. सोबत रिमोट हवाच, नुसती गाडी आणली तर आम्ही काहीच तपासू शकत नाही. आणि बॅटरी चार्ज करून आणा, नाहीतर तुमचा पहिला तास आमच्या चार्जरसमोर जाईल.