मोर्चा निघाला, चळवळ कुठंय?

रीगल चौराह्यावर गांधीजींच्या पुतळ्यापाशी आम्ही मेणबत्त्या घेऊन उभे होतो, युद्ध नको म्हणून. दोनेकशे माणसं असतील. घोषणा झाल्या, फोटो झाले, मेण रस्त्यावर सांडलं, अर्ध्या तासात सगळे पांगले. दुसऱ्या दिवशी एक मित्र म्हणाला, "इंदुरात शांततेची चळवळ उभी राहिली!" मी विचारलं, काल आलेल्यांचे नंबर कोणाकडे आहेत? कोणाकडेच नव्हते.

म्हणजे झाला होता तो मोर्चा.

माणसं तीच, फलक तेच, त्यामुळे मोर्चा आणि चळवळ यांत गल्लत होते. फरक कळायला २००३ हे एक साल पुरे. इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध १५ फेब्रुवारीला जगातल्या सुमारे ६०० शहरांत लोक रस्त्यावर उतरले. एकट्या लंडनमध्ये पोलिसांच्या हिशेबाने साडेसात लाख. आयोजकांचा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा. २० मार्चला युद्ध सुरू झालंच.

त्याच वर्षी लायबेरियात यादवी चालू होती. तिथल्या बायकांनी आधी कित्येक महिने घालवले ते माणसं जोडण्यात. शुक्रवारी मशिदी, शनिवारी बाजार, रविवारी चर्च. मग पांढरे कपडे घालून ख्रिश्चन आणि मुसलमान बायका राजधानी मनरोव्हियात मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या, उन्हात आणि पावसातही. जुलैत घानामधली शांततेची बोलणी रेंगाळली, तेव्हा या बायकांची पुढारी लेमा बोवी आणि तिच्या मैत्रिणींनी सभागृहाची दारंच अडवली. १८ ऑगस्टला करार झाला. एकट्या बायकांमुळे झाला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. बंडखोर राजधानीत घुसले होते, पश्चिम आफ्रिकी देशांचं सैन्यही आलं होतं. पण दार अडवायला माणसं होती, कारण ती आधीच जोडलेली होती.

मोर्चाला हिणवायचं कारण नाही. इराकवर चालून जाणाऱ्या अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून वाट द्यायची का, यावर १ मार्च २००३ ला तुर्कस्तानच्या संसदेत मतदान होतं. बाहेर अंकाऱ्यात हजारो लोक जमले होते आणि ठराव पडला. निर्णय त्याच दिवशी, समोरच्या इमारतीत होणार असेल तर गर्दीचं वजन पडतं. एरवी नेते खिडकी लावून घेतात.

चळवळीचं गणित आपल्या विनोबांना पक्कं ठाऊक होतं. १९५७ साली त्यांनी शांतिसेना काढली, भांडणं-दंगे शस्त्राविना शमवायला. दर पाच हजार वस्तीमागे एक शांतिसैनिक, आणि त्याला आधार म्हणून घरोघरी सर्वोदय-पात्र, म्हणजे घरातल्या धाकट्याने रोज मूठभर धान्य टाकायचं भांडं. १९६० मध्ये ते इंदुरात मुक्कामाला होते, त्या सुमारास रामबागेतल्या आमच्या आजोळीही चुलीजवळ एक पितळी डबा आला. आई घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून रोज मूठभर तांदूळ टाकायचा मान तिचा. मामा टाकायला गेला की आजी हात धरायची, "तुझी मूठ नको, तिचीच." तांदूळ असे कितीसे जमणार! पण ते न्यायला कार्यकर्ता दारात यायचा, ओट्यावर बसायचा, कोण आजारी, कोणाचं कोणाशी भांडण, सगळं त्याला ठाऊक. गल्लीत काही पेटलंच तर कुठल्या घरी आधी जायचं, हे त्याला कोणाला विचारावं लागत नसे.

पुढे तो डबा डाळीचा झाला.

यंदा रीगलला जाताना मी दोनशे पानी वही नेली. एकतीस नावं मिळाली. रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं, चौघं आले. पोहे वीस जणांचे केले होते.