सह्याद्रीच्या पोटातले पाणी आणि आधुनिक जगातील माझी आश्चर्ये

आधुनिक जगातील आश्चर्यांची यादी करायची म्हटली की उंच इमारती आणि लांबच लांब पूल प्रथम आठवतात. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेने १९९४ मध्ये अशी सात आश्चर्ये निवडली, तेव्हा पनामा कालवा, इंग्लंड व फ्रान्स यांना जोडणारा समुद्राखालचा बोगदा, गोल्डन गेट पूल आणि एम्पायर स्टेट इमारत यांना त्यांत स्थान मिळाले. या बांधकामांविषयी मला आदरच आहे, पण माझा निकष वेगळा आहे. निसर्गाचा एखादा नियम नेमका ओळखून माणसाने अशक्य वाटणारी गोष्ट साध्य केली असेल आणि तिचे फळ तिचे नावही न ऐकलेल्या माणसाच्या पदरात पडले असेल किंवा विश्वाविषयीची आपली समज तिने बदलली असेल, तर तिला मी आश्चर्य मानतो. अशा गोष्टी बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत.

सातारा जिल्ह्यात राहणाऱ्याने कोयनेपासून सुरुवात करणे स्वाभाविक आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तेथून सांगलीमार्गे पुढे जाणाऱ्या या पाण्याचा नैसर्गिक शेवट बंगालच्या उपसागरात आहे. मात्र कोयनेच्या खोऱ्याला लागूनच पश्चिमेला सह्याद्रीचा कडा कोकणात उतरतो आणि दोन्हींच्या पातळीत जवळजवळ अर्ध्या किलोमीटरचा फरक आहे. अभियंत्यांनी नेमका हाच फरक हेरला. १०३ मीटर उंचीचे धरण बांधून पाणी अडवले, ते बोगद्यांतून डोंगराच्या आत नेले आणि पोफळी येथे खडक कोरून तयार केलेल्या भूमिगत वीजगृहात सोडले. वीजनिर्मितीनंतर हेच पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात येते, तेथे पुन्हा वीज देते आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला जाऊन मिळते. पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे लक्षात घेतले की पूर्ववाहिनी नदीचा केवढा हिस्सा डोंगराखालून पश्चिमेला जातो याची कल्पना येते. प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

धरणाची भिंत पाहायला पर्यटक येतात, पण मला सर्वाधिक थक्क करणारी घटना पाण्याखाली घडली. चौथ्या टप्प्यासाठी शिवाजीसागर जलाशयातून पाणी घेणारे नवे तोंड हवे होते. एरवी अशा कामासाठी जलाशय रिकामा करावा लागतो किंवा पाण्यात तात्पुरता बांध घालून जागा कोरडी करावी लागते. येथे जलाशय रिकामा करणे म्हणजे राज्याची वीज तोडणे होते. म्हणून नॉर्वेत विकसित झालेले, ‘लेक टॅपिंग’ या नावाने ओळखले जाणारे तंत्र वापरण्यात आले. बोगदा उलट बाजूने, म्हणजे डोंगराच्या आतून जलाशयाच्या तळाकडे खोदत नेला जातो. वर पाणी उभे असते आणि कामगार त्याच्या खाली काम करत असतात. शेवटी पाणी व बोगदा यांच्यामध्ये काही मीटर जाडीचा खडक बुचासारखा शिल्लक ठेवतात. त्याच्या शेवटच्या भागात प्रत्येक भोक घेण्यापूर्वी खडकातल्या भेगा आणि झिरपणारे पाणी तपासावे लागते, कारण बूच वेळेआधी फुटले तर आतल्या कोणालाही बाहेर पडता येणार नाही. फुटलेल्या दगडांसाठी बोगद्याच्या तळाशी आधीच खड्डा केलेला असतो. पुढचे दरवाजे बंद केले जातात, माणसे बाहेर येतात आणि एकाच स्फोटाने बूच उडवले जाते. स्फोट एकदाच करता येतो. तो अर्धवट झाला तर दुरुस्तीला आत जाणार कोण? कोयनेत १३ मार्च १९९९ रोजी हा स्फोट यशस्वी झाला आणि आशियातील हा पहिलाच प्रयोग ठरला. २५ एप्रिल २०१२ रोजी तो याच जलाशयात दुसऱ्यांदा करण्यात आला.

या आश्चर्याची किंमतही मोठी आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळले. जमिनीनेही आपला हिशेब मांडला. १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले तेव्हापासून परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयामुळे उद्‌भवलेल्या ज्ञात भूकंपांमध्ये तो सर्वांत मोठा मानला जातो. त्यात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, धरणाला तडे गेले आणि नंतर भिंतीचा उंच भाग आधार देऊन बळकट करावा लागला. पाण्याच्या वजनानेच जमीन हलते, असा समज आजही ऐकू येतो, पण मुख्य कारण अधिक सूक्ष्म आहे. भूगर्भातील भेगेच्या दोन्ही बाजू वरच्या खडकांच्या भाराने एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. झिरपलेले पाणी त्या भेगेत पोहोचले की पाण्याचा दाब त्या भाराचा काही भाग पेलतो, जसा मोटारीखाली लावलेला जॅक चाकावरचा भार कमी करतो, आणि घर्षण कमी पडून आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो. ताण मूळचाच असतो. पाणी फक्त निमित्त ठरते.

पाटण, कराड भागात आजही अधूनमधून धक्का बसतो, फळीवरची भांडी वाजतात आणि लोक क्षणभर थांबून पुन्हा कामाला लागतात. हे धक्के मुख्यतः सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद पट्ट्यात, तेही फार खोल नसलेल्या थरांत होतात. भूकंपाचा अभ्यास करण्यासाठी इतकी सोयीची जागा जगात क्वचितच सापडेल. म्हणूनच कराडजवळ हजारमाची येथे भूगर्भ संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ भेदल्यानंतर त्याखालचा ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक हाती लागला. जेथे भूकंप जन्मतो तेथपर्यंत उपकरणे नेण्याच्या या प्रयत्नाला मी धरणाइतकेच महत्त्व देतो.

दुसरी निवड युरियाच्या पोत्याची आहे. कृष्णाकाठच्या उसाच्या फडात ते इतके नित्याचे झाले आहे की त्यामागची रसायनविद्या कोणाच्या मनात येत नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही, कारण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १८९८ मध्ये इशारा दिला होता की चिलीतील नायट्रेटचे साठे संपले की गहू खाणाऱ्या जगावर उपासमारीची वेळ येईल. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाब, उष्णता आणि उत्प्रेरक यांच्या साहाय्याने हवेतील नायट्रोजन व हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया मिळवला. कार्ल बॉश यांनी ती प्रक्रिया कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे उत्पादन सुरू झाले. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या प्रक्रियेवर अवलंबून आहे, म्हणजे आपल्या शरीरातील नायट्रोजनचा मोठा वाटा कधीतरी एखाद्या कारखान्याच्या पोलादी टाकीतून गेलेला असतो. पंचेचाळीस किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नायट्रोजन असतो. पीक तो सगळा घेत नाही. उरलेला भूजलात आणि हवेत जातो. सांगली जिल्ह्यातील क्षारपड जमिनी मुख्यतः अतिसिंचनामुळे बिघडल्या असल्या, तरी पाणी आणि खत सढळ हाताने देण्याची सवय एकच आहे.

तिसरी निवड व्यवहारात काहीच देत नाही, तरीही मी ती सोडणार नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो प्रकल्पाच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर, म्हणजे प्रचंड वस्तुमानाच्या हालचालीमुळे अवकाशात उठणारा तरंग, प्रथमच थेट टिपली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि त्या लहरीने चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये या लहरींचे भाकीत केले होते. गोंगाटातून असा संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींमध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील संजीव धुरंधर यांचे काम पायाभूत आहे. याच प्रकारची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जाणार आहे.

मात्र पहिले स्थान मी देवीच्या रोगाच्या उच्चाटनाला देतो. विसाव्या शतकात या रोगाने सुमारे ३० कोटी बळी घेतले, असा अंदाज आहे. ज्येष्ठांच्या हातावर देवी टोचल्याचे मोठे, गोल व्रण आजही दिसतात. तरुणांच्या दंडावरचा लहान व्रण मात्र क्षयाच्या लसीचा असतो. या मोहिमेतले अत्यंत प्रभावी साधन अगदी साधे होते. टोकाला दोन दाते असलेल्या लहानशा सुईच्या बेचक्यात लसीचा एकच थेंब अडकतो. त्वचेवर ती पंधरा वेळा टोचली की काम झाले, आणि पूर्वीच्या मानाने चौथाई लस पुरू लागली. नंतर सरसकट लसीकरणाबरोबर रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्या माणसांना तातडीने लस देण्यावर भर दिला गेला. भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

हे शक्य झाले त्याला शास्त्रीय कारणे होती. देवीचा विषाणू माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात टिकून राहत नव्हता, पुरळामुळे रुग्ण लपत नव्हता आणि लस एकदा घेतली की दीर्घकाळ संरक्षण मिळत होते. हिवताप किंवा क्षय यांना या अटी लागू पडत नाहीत. देवीनंतर जगातून नाहीसा करता आलेला रोग आजवर एकच आहे आणि आपल्या शेतकऱ्यांना तो चांगला ठाऊक होता: गावेच्या गावे जनावरांविना ओस पाडणारी बुळकांडी. २०११ मध्ये तिच्याही समाप्तीची अधिकृत घोषणा झाली.