बांबूवरून झालेला वाद आणि गावाचं जंगल

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक ठरलं. सुमारे १,८०० हेक्टर जंगल गावाच्या हाती आलं. त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा: इंग्रजांच्या वन कायद्यांनी जंगल सरकारी केलं, १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली तरी ते गावाकडे परतलं नाही. उरला तो निस्तार हक्क, म्हणजे घरापुरतं सरपण, कुंपणापुरते बांबू. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या रानात माणसं परवानगीने वावरू लागली.

हक्काचा कागद हाती आल्यावर खरी कोंडी झाली ती बांबूवर. १९२७ चा वन कायदा तेव्हा बांबूला झाडांत धरत होता, म्हणजे तोडलेला बांबू इमारती लाकडासारखाच सरकारी मालकीचा. २००६ चा वनहक्क कायदा मात्र बांबूचं नाव घेऊन त्याला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा इतर माल, म्हणतो आणि गौण वनोपजाची मालकी गावाला देतो. नंतरचा आणि खास हक्कांसाठी केलेला कायदा इतका स्पष्ट असताना वाद उरायलाच नको होता. तरीही वाहतूक परवाना देणारा हात वनखात्याचाच राहिला. परवान्याविना बांबू गावाबाहेर काढला तर गाडी जप्त. याच जिल्ह्यातला बांबू कागद कारखान्याला वर्षानुवर्षं सवलतीत जात होता, हे विसरून चालणार नाही.

मार्च २०११ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की बांबू गौण वनोपजच आहे. २७ एप्रिलला वाहतूक परवान्यांचं पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेकडे आलं. पावतीवर सही आता ग्रामसभेची. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला, पण फक्त जंगलाबाहेरचा.

हे गाव एवढं टिकून राहिलं त्यामागे निर्णयाची पद्धत आहे. तिथे मतदान होत नाही, सर्वसहमती होते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत पुन्हा येतो. २०१३ मध्ये गावाने खासगी शेतजमीनही १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, तेही याच रीतीने.